सुवर्णकमळ आणि दगड

१

१ ऑगस्ट २०२५. लातुरात अण्णाभाऊ साठे जयंतीच्या मिरवणुकीत मी उभा होतो. हलग्या कडाडत होत्या. त्याच संध्याकाळी दिल्लीत ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून 'श्यामची आई'ची निवड झाल्याचे वृत्त आले. सुजय डहाके यांचा २०२३ चा चित्रपट. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पेढे वाटले. ते म्हणाले, "सत्तर वर्षांपूर्वीही हीच आई, आजही हीच आई. संस्कार मरत नाहीत, सर."

मी पेढा घेतला. पेढा नाकारण्याइतका मी असंस्कृत नाही. पण त्यांचे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. राष्ट्रीय पुरस्कारांची प्रथाच १९५४ साली सुरू झाली आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई'ला मिळाले, ही इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. मधल्या सत्तर वर्षांत महाराष्ट्राचे काय काय झाले? बाबासाहेबांनी धर्मांतर केले. दलित साहित्य उभे राहिले. पँथर आली. १९७८ मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि आमच्या मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतले. १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला. इतके सगळे होऊन गेल्यावरही मराठी मनाचा जो चित्रपट पुरस्काराच्या व्यासपीठावर जातो तो पुन्हा त्याच घरातला असतो, याचा अर्थ काय लावायचा?

त्यानंतर पंधरा दिवसांनी नांदेडला एका मित्राच्या घरी आम्ही दहाबारा जण बसलो. प्राध्यापक, दोन कवी, एक वकील आणि पँथरच्या काळापासून चळवळीत असलेले एक वडीलधारे कार्यकर्ते. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. विषय एकच होता. ज्यांना सर्वोच्च पदक मिळाले नाही, पण मिळायला हवे होते, असे आपले चित्रपट कोणते? ही चर्चा रात्री दीडपर्यंत चालली. तिथे मी जे बोललो आणि जे बोलायला धजलो नाही, ते दोन्ही या टिपणात लिहीत आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पदक आजवर पाच मराठी चित्रपटांना मिळाले आहे : 'श्यामची आई' (१९५३), 'श्वास' (२००३), 'देऊळ' (२०११, एका ब्यारी भाषेतील चित्रपटासोबत विभागून), 'कोर्ट' (२०१४) आणि 'कासव' (२०१६). या पाचांपैकी एकही टाकाऊ चित्रपट नाही. 'श्वास'मधला नातवाचे डोळे जाण्याआधी त्याला जग दाखवणारा आजोबा पाहून मीही रडलो आहे. तेव्हा या चित्रपटांना पदक मिळाले म्हणून कांगावा करण्याचे मला कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या चित्रपटांतून आमचे जग बोलले, त्यांची या पुरस्कारांनी कुठे आणि कशी व्यवस्था लावली?

पहिल्याच वर्षापासून पाहू. १९५३ साली 'श्यामची आई'बरोबर बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' होता. जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला प्रशस्तिपत्र आले. दुसऱ्या वर्षी खुद्द अत्र्यांनीच 'महात्मा फुले' केला. त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब उपस्थित होते. त्या चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट म्हणून राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. दिग्दर्शक तोच, आई सोन्याची आणि जोतीराव चांदीचे. कोणी म्हणेल, दुसऱ्या वर्षी 'मिर्झा गालिब' अधिक चांगला होता. असेल. एका वर्षाच्या निकालावरून सिद्धांत मांडता येत नाही. म्हणून पुढे जाऊ.

१९९४ चा जब्बार पटेलांचा 'मुक्ता'. मराठा घरातील मुलगी आणि दलित कवी यांच्या प्रेमाचा चित्रपट. त्याला पुरस्कार मिळाला राष्ट्रीय एकात्मतेचा. दलित तरुणाने सवर्ण मुलीवर प्रेम केले, की ती जणू दोन राष्ट्रांमधली तडजोड होते! पुढे पटेलांनीच 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' केला. १९९८ च्या पुरस्कारांत त्याला इंग्रजी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवण्यात आले. मामुट्टींना अभिनयाचा पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता. पण ज्या माणसाने या देशाला घटना दिली त्याच्यावरचा चित्रपट इंग्रजीच्या खणात गेला, आणि त्याच वर्षी सुवर्णकमळ गेले श्याम बेनेगलांच्या 'समर'ला. 'समर' दलितांवरील अत्याचारावरच आहे, पण त्याच्या मध्यभागी त्या अत्याचारावर चित्रपट काढायला खेड्यात गेलेली शहरी मंडळी आहेत.

पुढची यादी तुम्हाला ठाऊक आहे. 'फँड्री'ला पदार्पणाचा आणि बालकलाकाराचा पुरस्कार. धनगराच्या घरातला 'ख्वाडा', त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि ध्वनीचा पुरस्कार. 'सैराट'च्या रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख. आमच्या शेजारच्या बार्शीच्या विनोद कांबळे यांची 'कस्तुरी', तिला उत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार. 'झुंड'ला २०२२ च्या यादीत काहीच नाही. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) आणि 'जय भीम' (२०२१), दोघेही रिकाम्या हाताचे.

या यादीतून काय दिसते? आमच्या चित्रपटांना पुरस्कार मिळत नाहीत, असे नाही. ते मिळतात आणि भरपूर मिळतात. पण ते खणांतून मिळतात. पदार्पण, बालकलाकार, बालचित्रपट, सामाजिक प्रश्न, एकात्मता, विशेष उल्लेख. गावात जशी आम्हाला जागा होती, पण ती वेशीबाहेर होती, तशी ही व्यवस्था आहे. सुवर्णकमळाच्या ओळीत जे बसते ते 'चित्रपट' असते. आमचे असते ते 'प्रश्न'. परीक्षक जातीयवादी असतात, असा आरोप मी करत नाही, कारण परीक्षक दर वर्षी बदलतात. परीक्षक बदलूनही खण बदलत नाहीत, ही खरी विचार करण्यासारखी बाब आहे.

३

आता माझा निवाडा सांगतो. तीन वर्षांचे निकाल मला अमान्य आहेत : २०१३, २०१५ आणि २०१९.

२०१३ चे सुवर्णकमळ 'शिप ऑफ थिसियस'ला मिळाले आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'आजचा दिवस माझा', एका वृद्ध गायकाला रातोरात घर मिळवून देणाऱ्या मुख्यमंत्र्याची गोष्ट. म्हणजे त्या वर्षी मराठीतसुद्धा 'फँड्री' पहिला आला नाही. 'शिप ऑफ थिसियस' बुद्धिमान चित्रपट आहे. जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर जहाज तेच राहते काय, हा ग्रीकांचा प्रश्न तो अवयवरोपणाच्या निमित्ताने विचारतो. पण मला नागराज मंजुळे यांचा जब्या जो प्रश्न विचारतो तो अधिक मूलभूत वाटतो. अंगावरचे कपडे बदलले, शाळा बदलली, जीन्सची पँट घेतली, तोंडाला पावडर लावली, तर माणूस बदलतो काय? आणि तो बदलला तरी गाव त्याला बदललेला म्हणून स्वीकारते काय? जहाजाच्या फळ्या बदलण्याची मुभा जहाजाला आहे. जब्याला ती नाही.

'फँड्री' म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. या चित्रपटात घरातली माणसे आपसात कैकाडी बोलतात आणि गावाशी मराठी. ही साधी गोष्ट नाही. मराठी चित्रपटाने प्रथमच हे मान्य केले, की मराठी ही काही लोकांसाठी चावडीवर उभे राहण्याची भाषा असते, घरात पाय पसरून बसण्याची नव्हे. कचरू माने झालेल्या किशोर कदमांची मान या भाषांतराच्या ओझ्याने वाकलेली आहे. घरात तो ओरडतो, मारतो, गावासमोर हात जोडतो. छाया कदमांची आई फारसे बोलत नाही, पण घरातले सगळे काम तिच्या हातातून होत राहते.

एक प्रसंग सर्वांच्या लक्षात आहे. डुक्कर पकडायला शाळेशेजारी कुटुंब धावत असते, डुक्कर आवाक्यात आलेले असते आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सगळे कुटुंब ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. या प्रसंगावर काही जण हसतात, काही जण यात राष्ट्रगीताचा अवमान शोधतात. मला त्यात एवढेच दिसते, की या देशाचा मान राखण्यात जे कधी चुकत नाहीत त्यांचा मान राखण्याची पाळी देशावर अजून यायची आहे. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून जब्या आणि त्याची बहीण शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, शाहू, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. एकही संवाद नाही. भाषणे देऊन आम्ही जे पन्नास वर्षांत सांगू शकलो नाही ते त्या भिंतीने काही क्षणांत सांगितले.

मला सर्वाधिक झोंबला तो जत्रेतला प्रसंग. जब्या नवे कपडे घालून नाचायला गेलेला असतो, शालू बघत असते, आणि बाप त्याच्या डोक्यावर दिवाबत्ती देतो. माझे वडील हलगी वाजवत. आमच्या गावात, नांदेड जिल्ह्यात, लग्न असो, पोळा असो, मयत असो, हलगी त्यांच्याकडे. सातवीत असताना गावातल्या एका वरातीत ते शाळेवरून वाजवत गेले. मुले खिडकीशी धावली. मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधत राहिलो. वरात लांब गेली तरी पेन्सिल मला सापडली नव्हती, कारण ती माझ्या खिशात होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. त्या हलगीच्या पैशांतून माझी पुस्तके आली. तरीही वडील वारल्यानंतरच मी त्यांच्या हलगीविषयी वर्गात बोलू शकलो. हा माझा करंटेपणा 'फँड्री'ने मला दाखवला. ज्या कलाकृतीपुढे प्रेक्षकाला स्वतःची फसवणूक करता येत नाही ती श्रेष्ठ, अशी माझी साधी कसोटी आहे.

आता सुवर्णकमळाच्याच इतिहासातला एक चित्रपट तुलनेला घेतो. १९७५ चे सुवर्णकमळ ब. व. कारंतांच्या 'चोमन दुडी' या कन्नड चित्रपटाला मिळाले. शिवराम कारंतांच्या कादंबरीवरचा हा थोर चित्रपट आहे. त्यातला अस्पृश्य चोमा आयुष्यभर एक तुकडा जमीन कसण्याची इच्छा धरतो. ती कधी पुरी होत नाही. त्याचे सगळे दुःख तो दुडीवर, म्हणजे आपल्या ढोलावर, बडवतो आणि अखेर दार लावून दुडी वाजवत मरतो. म्हणजे आमच्या माणसाला मध्यभागी ठेवणाऱ्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालेच नाही, असे म्हणता येणार नाही. ते मिळाले. पण तो माणूस स्वतःच्या ढोलावर हात आपटत मेला तेव्हा मिळाले. जब्या ढोल वाजवत नाही. त्याला चिडवणाऱ्यावर तो दगड भिरकावतो, आणि तो दगड पडद्यातून थेट आपल्या अंगावर येतो. पडदा काळा होतो. चोम्याला पाहून करुणा येते आणि करुणा ही देणाऱ्याला सुखावणारी भावना आहे. जब्याला पाहून करुणा करता येत नाही, कारण दगड करुणा करणाऱ्याच्याच कपाळावर बसतो. साने गुरुजींच्या पुस्तकात श्यामची आई एका म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला श्यामला पाठवते. गुरुजींच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेणारा मी नव्हे. १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. पण त्या गोष्टीत आम्ही मोळीपाशी उभे आहोत, कोणीतरी हात लावील म्हणून. 'फँड्री'त आम्ही स्वतःच हात उचलला आहे. मराठी चित्रपटाच्या जाणिवेतले हे स्थित्यंतर त्या वर्षाच्या परीक्षकांना पदार्पणाच्या खणात बसवावेसे वाटले.

४

२०१५ बद्दल फार वाद घालण्याची गरज नाही. त्या वर्षीचे सुवर्णकमळ 'बाहुबली'ला मिळाले. लोकप्रिय चित्रपटांना हे पदक देत नाहीत, ही सबब त्या दिवशी संपली. पुराणातल्यासारखे राज्य, रक्ताचा वारसा, सिंहासनाचा खरा हक्कदार कोण हा प्रश्न. आणि समोर 'सैराट', ज्यात एक पारध्याचा मुलगा पाटलाच्या मुलीवर प्रेम करतो आणि रक्ताच्या वारशासाठी दोघांचेही रक्त सांडले जाते. एकात रक्ताच्या वारशाचा जयघोष, दुसऱ्यात त्याचा पंचनामा. परीक्षकांनी जयघोष निवडला.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. लातूरकरांना तो महिना आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. सकाळी घागरी घेऊन टँकरपुढे रांग आणि संध्याकाळी 'सैराट'च्या तिकिटाची रांग. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. दर जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही याचा घोर असे. थिएटरात माझ्यापुढे दोन रांगा सोडून आमच्याच वर्गातली मुले बसली होती. गाण्यांना ती नाचली, मलाही उठवू लागली. मग तो प्रसंग आला. लोखंडे नावाचे प्राध्यापक मराठी कविता शिकवत असतात. पाटलाचा मुलगा प्रिन्स वर्गात फोनवर बोलतो. सर त्याला हटकतात आणि तो भर वर्गात सरांच्या थोबाडीत मारतो. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने वाजवली की नाही, हे मी पाहिले नाही. पाहायचे टाळले. पुढे त्याच सरांना पाटलाच्या घरी नेऊन प्रिन्सची ओळख करून दिली जाते तेव्हा मला वाटले, ही माझी मुलाखत चालली आहे.

अशा चित्रपटावर मला आक्षेपही आहेत. पूर्वार्धात तो बाजाराचीच भाषा वापरतो. बाजाराने त्यातले 'झिंगाट' उचलले आणि रक्ताची पावले थिएटरात टाकून दिली. मराठीत प्रथमच शंभर कोटींच्या वर गेलेला चित्रपट लग्नाच्या वरातीत वाजतो आणि त्याच वरातीत जातीची सोयरीक जमते, हा विनोद मंजुळेंच्याही हाताबाहेरचा आहे. पण शेवटची ती निःशब्द मिनिटे, आणि लहानग्याची ती पावले, ही भारतीय चित्रपटातली अत्यंत धीट अशी अखेर आहे. पार्श्वसंगीत काढून टाकण्याचे धैर्य त्या वर्षीच्या कोणत्या भव्य चित्रपटाने दाखवले?

२०१९ चा निकाल तर कोणाच्या स्मरणातही नाही. सुवर्णकमळ 'मरक्कार' या समुद्रवीराच्या भव्यपटाला मिळाले आणि 'कस्तुरी'ला बालचित्रपटाचे. 'कस्तुरी'तला गोपी सफाईकाम करतो, शवविच्छेदनाच्या कामात बापाला मदत करतो. वर्गातली मुले त्याच्या अंगाला वास येतो म्हणून दूर बसतात. वास जावा म्हणून तो कस्तुरीच्या शोधात निघतो. चित्रपटात मुले आहेत म्हणून तो बालचित्रपट! हा न्याय लावला तर 'पथेर पांचाली'लाही बालचित्रपटच म्हणावे लागेल. हा चित्रपट थिएटरात यायला डिसेंबर २०२३ उजाडला, म्हणजे पुरस्कार जाहीर झाल्यावर अडीच वर्षांहून अधिक काळ. बार्शी ते लातूर अंतर ते काय. पण तो आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलाच नाही.

५

नांदेडच्या बैठकीत दोन आक्षेप आले. दोन्ही महत्त्वाचे होते.

पहिला वकील मित्राचा. "२०१४ ला 'कोर्ट'ला सुवर्णकमळ मिळाले. लोकशाहीर नारायण कांबळे आपलाच. मग तुझी खणांची थिअरी कुठे गेली?" आक्षेप बिनतोड आहे आणि 'कोर्ट' तर मला अत्यंत आवडतो. चैतन्य ताम्हाणे यांनी न्यायालयाचा कंटाळवाणा क्रूरपणा जसा दाखवला तसा कोणी दाखवला नाही. नागपूरचे वीरा साथीदार त्यात शाहीर झाले. २०२१ च्या करोनात ते गेले, तेव्हा चळवळीतला माणूस गेला. पण चित्रपट पुन्हा पाहा. वकिलाचे घर आपण पाहतो, त्याची खरेदी, त्याचे आईवडील. सरकारी वकील बाईंचा स्वयंपाक, त्यांनी पाहिलेले नाटक, न्यायाधीशाची सहल, तीही पाहतो. शाहिराचे घर असे पाहायला मिळत नाही. गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्षीपुरती येते. हा दोष आहे असे मी म्हणत नाही. न्यायव्यवस्था पाहणाऱ्याच्या जागेवरून तो चित्रपट काढला आहे आणि ती जागा त्याने प्रामाणिकपणे राखली आहे. मात्र 'समर'मध्ये मध्ये चित्रपटवाले होते, इथे मध्ये न्यायालय आहे. आमच्यात आणि सुवर्णकमळात अजून कोणीतरी मध्यस्थ लागतो, एवढेच माझे म्हणणे. 'कोर्ट'ने माझा सिद्धांत सौम्य केला, खोडला नाही.

दुसरा आक्षेप दादांचा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेली पोरं अजून त्यांच्याच दारात पदक मागायलाव. त्यांचं पदक त्यांच्यापाशी. आपल्याला कशाला लागतंय?" काही क्षण कोणीच बोलले नाही. हा आवाज आमच्या चळवळीचा मूळ आवाज आहे आणि तो नाकारणे सोपे नाही. मी त्यांना एवढेच म्हणालो, की लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमी मिळाली तेव्हा आपण ती परत केली नाही. दादा हसले. "त्याचा उपयोग काय झाला, ते सांग." त्या रात्री मी उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर माझ्याजवळ होते, पण ते सांगायला मला स्वतःची एक चूक सांगावी लागली असती. ती आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला 'फँड्री' दाखवला. प्रोजेक्टर लावला, खिडक्यांना सतरंज्या बांधल्या. आधी काही बोललो नाही, नंतरही नाही. कलाकृती स्वतःच बोलते, असा माझा पुस्तकी समज होता. मुले हसली, हळहळली, घरी गेली. आठवड्याने मागच्या बाकावरचा एक मुलगा यायचा बंद झाला. त्याच्या घरी डुकरे होती, हे वर्गाला ठाऊक होते, मला नव्हते. मी त्याला स्टँडजवळ गाठले. तो मान खाली घालून म्हणाला, "मला नाव पडलंय, सर." कोणते नाव, ते मला विचारावे लागले नाही. तो परत आला नाही.

तो दगड त्या दिवशी कोणाच्या कपाळावर बसायला हवा होता? माझ्या. ज्या चित्रपटाने मला माझ्या बापाची हलगी परत दिली त्याच चित्रपटाचे नाव माझ्या वर्गाने एका मुलाला शिवी म्हणून दिले, आणि मी प्रोजेक्टर गुंडाळून निघून गेलो होतो. यानंतर मी पुष्कळ विचार केला. माझी जबाबदारी मी झटकत नाही. पण एक प्रश्न उरतो. श्यामला कोणी हसत नाही. का हसत नाही? श्याम गरीब आहे, त्याचीही फजिती होते, तोही चुकतो. त्याला कोणी हसत नाही, कारण त्याच्याकडे कसे पाहायचे हे महाराष्ट्राला शिकवलेले आहे. सुवर्णपदक मिळाले, शाळाशाळांतून तो दाखवला गेला, गुरुजींनी आधी बोलून, नंतर बोलून डोळे पुसायला शिकवले. मान्यता म्हणजे हेच. चित्रपट कसा बसून पाहायचा, याचे शिक्षण. जब्याला ते मिळाले नाही. तो 'बालकलाकार' राहिला, 'गावाकडचा पिक्चर' राहिला. ज्याला व्यवस्थेने वरच्या पाटावर बसवले नाही त्याला हसण्याची मुभा वर्गाला आपोआप मिळते.

दादा, पुरस्काराचा उपयोग हा एवढाच आहे. सोने आपल्याला नको. ज्या वर्गात आपले एकच लेकरू बसलेले असते त्या वर्गाने आपल्या कलाकृतीपुढे ताठ बसावे, यासाठी ती मान्यता हवी. ती दिल्ली देईल तेव्हा देईल. तोवर ती आपणच द्यायला हवी.

६

आणि इथे आपल्याला स्वतःलाही काही विचारायचे आहे. कविता आणि आत्मकथन यांची समीक्षा आपण पन्नास वर्षांत उभी केली. चित्रपटाची का केली नाही? लेखणीला कागद पुरतो, कॅमेऱ्याला भांडवल लागते, म्हणून आपला चित्रपट उशिरा आला, हे खरे. पण समीक्षेला कुठे भांडवल लागते? अण्णाभाऊंच्या 'वैजयंता', 'फकिरा' या कादंबऱ्यांवर साठच्या दशकातच चित्रपट निघाले. त्या चित्रपटांत अण्णाभाऊंचे किती उरले आणि तमाशापटाने किती गिळले, याचा हिशेब आपण मांडायला हवा होता. 'फँड्री' आणि 'सैराट' यांना आपण डोक्यावर घेतले, पण हेही विचारायला हवे होते, की शालू बोलत का नाही, आर्ची पाटलाचीच का लागते, आणि ज्या बायका या सगळ्या चित्रपटांत भाकऱ्या थापतात, डुकरांमागे धावतात, त्यांच्यातली एखादी मध्यभागी कधी येणार? आपल्याच चित्रपटातही एक वेस असते आणि तिच्या बाहेर आपली बाई उभी असते. हे आपण बोललो नाही, तर दिल्लीच्या परीक्षकांना बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

माझा निवाडा मी दिला आहे. २०१३ चे सुवर्णकमळ 'फँड्री'चे, २०१५ चे 'सैराट'चे, २०१९ चे 'कस्तुरी'चे. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी याच पानांवर खोडून काढावा. वाद झाला तर मला आनंदच होईल.

येत्या वर्षी मी पुन्हा 'फँड्री' दाखवणार आहे. या वेळी आधी एक तास बोलेन. सुरुवात माझ्या वडिलांच्या हलगीपासून करीन, म्हणजे नाव पडायचेच असेल तर पहिले मला पडेल.